बाहेरचा पार्ट, गॅरंटी बाद

वॉरंटीच्या टेबलावर बसणाऱ्या माणसाला किस्से गोळा करावे लागत नाहीत. ते आपल्या पायाने चालत येतात, समोरच्या खुर्चीत बसतात, चहाला नको म्हणतात आणि विचारतात, "भाऊ, माझी चूक काय झाली तेवढं सांगा!"

जळगावला हायवेवर ट्रकच्या एका डीलरकडे मी हे टेबल सांभाळलं. ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हा बसलो, तो पुढे बरीच वर्षं बसूनच राहिलो. कागदावर वॉरंटी, लोकांच्या तोंडी गॅरंटी. नव्या ट्रकचं काही मोडलं तर कंपनीने फुकट दुरुस्त करून द्यायचं. अट एवढीच, की गाडीला बाहेरचा, म्हणजे बाजारात मिळणारा पार्ट लावलेला नसावा.

या एका अटीने भलीभली माणसं माझ्यासमोर रडली. निर्णय माझा नसायचा. कंपनीचे बर्वे साहेब महिन्याकाठी यायचे, गाडी बघायचे आणि 'पास' नाहीतर 'बाद' म्हणायचे. ते 'बाद' गिऱ्हाइकाला समजावून सांगायचं, हे माझं काम. मित्र विचारतात, "हे सगळं तू हसत हसत कसं सांगतोस रे?" अरे, मग काय करू!

* * *

सावद्याचे प्रल्हादभाऊ. केळीचा धंदा, स्वभाव हौशी. नवा ट्रक घेतला आणि पहिल्याच आठवड्यात बाजारातून सुरात वाजणारा हॉर्न आणून बसवला. गाडी गल्लीत शिरली की पोरं नाचायची!

पुढे दिल्लीला केळी घेऊन निघाले आणि इंदूरच्या अलीकडे गिअरबॉक्स तुटला. भर उन्हाळा. केळी रस्त्याच्या कडेलाच पिकली, काळी पडली, शेवटी गुरांना घातली. गाडी ओढत ओढत आमच्या वर्कशॉपला आणली.

बर्वे साहेबांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, केबिनमध्ये चढले आणि हॉर्न दाबला. अख्ख्या वर्कशॉपला गाणं ऐकू आलं.

"हा कंपनीचा नाही."

"नाही साहेब. हौसेनं लावलाय."

"बाद!"

प्रल्हादभाऊ आधी माझ्याकडे बघत राहिले, मग त्यांच्याकडे. म्हणाले, "साहेब, मी गिअर हाताने टाकतो. हॉर्नने नाही!"

सगळे हसले. बर्वे साहेबही हसले. हसत हसतच त्यांनी बादचा शिक्का मारला.

प्रल्हादभाऊ मात्र गप्प बसणारे नव्हते. ग्राहक मंच तेव्हा नवा होता, ते तिथे गेले. मंचाच्या अध्यक्षांनी कंपनीच्या वकिलाला एकच प्रश्न विचारला, "हॉर्नमुळे गिअरबॉक्स कसा तुटला, ते दाखवा." वकिलाने घाम पुसला. नुसता बाहेरचा पार्ट लावला म्हणून वॉरंटी जात नाही, त्या पार्टमुळेच बिघाड झाला हे कंपनीने सिद्ध करावं, असा निकाल लागला. नवा गिअरबॉक्स देण्याचा हुकूम झाला.

हा निकाल लागेपर्यंत किती उन्हाळे गेले, विचारू नका. प्रल्हादभाऊ कागद घेऊन आले. केस पिकले होते. मी आनंदाने उठून उभा राहिलो.

"भाऊ, गाडी आणा!"

"गाडी कधीच विकली. तुम्ही गिअरबॉक्स द्या."

"गाडीच नाही, तर बसवणार कुठे?"

"दिवाणखान्यात! पाहुण्यांना दाखवेन, ही बघा माझी गॅरंटी."

* * *

धुळ्याचे अन्वरभाई फार शिस्तीचे. ऑइल फिल्टर बदलायची वेळ झाली तशी आमच्याच काउंटरला आले. काउंटरवर फिल्टर नव्हता. दुसऱ्यांदा आले, तेव्हाही नव्हता. तिसऱ्यांदा काउंटरवाला कंटाळून म्हणाला, "बाजारातनं घेऊन टाका ना अन्वरभाई, कोण बघतंय!"

कोण बघतंय? बर्वे साहेब बघतात! इंजिन जाम होऊन गाडी आली, साहेबांनी वाकून बाहेरचा फिल्टर पाहिला आणि कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

"तुमच्याच माणसाने सांगितलं होतं," अन्वरभाई म्हणाले. काउंटरवाला छताकडे बघत होता.

"सांगू दे. ओरिजिनल फिल्टर येईपर्यंत गाडी उभी ठेवायची होती!"

अन्वरभाईंनी जाम झालेल्या इंजिनाकडे एकदा पाहिलं आणि अगदी अदबीने म्हणाले, "आता उभीच आहे, साहेब. आणा फिल्टर."

* * *

ही बातमी धुळ्याकडे पसरली आणि त्याच भागातल्या एका खेड्यातले निंबा आबा घाबरले. साठी उलटलेला माणूस. जमिनीचा तुकडा विकून मुलासाठी ट्रक घेतलेला. त्यांच्या गाडीचे ब्रेकचे लायनर झिजले, तर आबा दुसऱ्या दिवशी एस्टीने माझ्यासमोर हजर!

"भाऊ, लायनर बाहेरना लावू का? गॅरंटी जाई का?"

मी म्हणालो, "जाईल आबा. बाहेरचे लावू नका. आपले लायनर येतील."

आबा परत गेले. मुलाने ब्रेकशिवाय गाडी काढू नये म्हणून चावी उशाखाली ठेवून झोपू लागले. कापसाचा सीझन सुरू झाला. गावातल्या जुन्या, ठिगळं लावलेल्या गाड्या भरभरून फेऱ्या मारत होत्या आणि आबांची नवी कोरी गाडी दारात उभी. पोरगा चिडून मामाकडे निघून गेला. आबा अधूनमधून एस्टीने यायचे, मी मान हलवायचो, ते परत जायचे.

शेवटी लायनर आले. मी निरोप धाडला. आबा आले, खुशीत होते. मी गाडीचे कागद पाहिले आणि तारखेवर बोट ठेवलं. वॉरंटीची मुदत आदल्याच आठवड्यात संपली होती.

आबांना समजायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"म्हणजे गाडी सारा टाइम दारमा उभी शे," ते म्हणाले, "आन् गॅरंटी मातर चालत ऱ्हायनी!"

* * *

एकदा मात्र बर्वे साहेबांचं बरोबर होतं, आणि तेच मला सगळ्यात जड गेलं.

चोपड्याचे रघुनाथभाऊ ओरिजिनलशिवाय हात लावत नसत. चाकाचं बेअरिंग त्यांनी धुळ्याच्या दुकानातून घेतलं, पूर्ण किमतीला, कंपनीच्या सीलबंद डब्यातलं. डबासुद्धा जपून ठेवला. महिन्याभरात बेअरिंग फुटलं, चाक पेटलं, गाडी उलटली आणि त्यांच्या ड्रायव्हरचा पाय गुडघ्यातून गेला.

रघुनाथभाऊंनी डबा टेबलावर ठेवला. बर्वे साहेबांनी तो उजेडाकडे धरला. "डुप्लिकेट आहे. हे बघा, 'जेन्युइन'चं इंग्रजी स्पेलिंग चुकलंय. एक अक्षर कमी आहे."

रघुनाथभाऊंना इंग्रजी वाचता येत नव्हतं. तरी ते त्या अक्षरांवरून बोट फिरवत राहिले.

"डबा छापणाऱ्याचं इंग्रजी कच्चं," ते म्हणाले, "आणि नापास मी?"

त्या दिवशी बर्वे साहेब आमच्याकडे जेवले नाहीत. डबा तसाच टेबलावर राहिला. तो उचलायची माझी हिंमत होईना.

* * *

बर्वे साहेब दुष्ट होते असं समजू नका. जास्त क्लेम पास केले की वरचे त्यांनाच झापायचे. एकदा धुळ्याहून जळगावला येताना त्यांची जीप पारोळ्याजवळ बंद पडली. फॅनबेल्ट तुटला होता. बरोबर मी होतो आणि आमचे फोरमन नाना होते. नानांनी पारोळ्यातून एक बेल्ट पैदा केला आणि हातात धरून उभे राहिले.

"साहेब, लोकल आहे. लावू?"

"लावा, लावा!"

"आणि वॉरंटी?"

"नाना," साहेब घड्याळाकडे बघत कळवळून म्हणाले, "मला भुसावळला ट्रेन पकडायचीय हो!"

* * *

आता बोदवडचे वामनदादा. क्लेम नामंजूर झाला, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे उगाच आशा लावून बसू नका.

वामनदादांनी उभं आयुष्य दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या. उतारवयात स्वतःचा नवा कोरा ट्रक आमच्याकडून घेतला. वर्कशॉपच्या गेटमधून आत आले की मॅनेजरपासून वॉचमनपर्यंत सगळ्यांना "जय भीम" घालायचे. गाडीला बाहेरचा साधा बल्बही लावू द्यायचे नाहीत. आरशाला बांधायचं लिंबू-मिरचीसुद्धा नाही. म्हणायचे, "उद्या म्हणाल, मिरची कंपनीची नव्हती!"

तरी कन्नड घाटात इंजिन गेलं. भर चढावर खडखडाट झाला आणि सगळं थंड.

इंजिन उघडायच्या दिवशी वामनदादा इस्त्रीचा शर्ट घालून आले. बायकोही आली होती, टायरवर रुमाल टाकून बसली. नानांनी सगळ्यांना जवळ बोलावून नट दाखवले. कारखान्यातून मारून आलेल्या पिवळ्या रंगाच्या खुणा जशाच्या तशा होत्या. इंजिनाला आजवर कुणाचा पानासुद्धा लागला नव्हता. बर्वे साहेबांनी स्वतः वाकून खुणा तपासल्या आणि मान डोलावली. वामनदादांनी बायकोकडे बघितलं. ती पहिल्यांदाच हसली.

नट सुटले. नानांनी आतलं फुटलेलं बेअरिंग काढून साहेबांच्या हातात दिलं. साहेबांनी ते चिंधीने पुसलं. उलटंसुलटं केलं. पुन्हा पुसलं.

"हे बाहेरचं आहे," ते हळूच म्हणाले. "आपला मार्का नाही."

नाना सुटलेल्या नटांवरच्या पिवळ्या रंगाकडे बघत होते.

साहेब वामनदादांकडे वळले.

"ही गाडी तुमच्याकडे येण्याआधी कोणाकडे होती?"

वामनदादा म्हणाले, "तुमच्याकडे, साहेब."