बंद थर्मोस्टॅट आणि गरम फरशी

आधीच सांगते – भुतंखेतं, संकेत वगैरे मी कधीच मानले नाहीत. मी रेडिओग्राफर आहे. ज्याचं चित्र निघत नाही, ते माझ्यासाठी नसतंच. तरीही हे लिहितेय... कारण माझं डोकं चालेनासं झालंय.

आम्ही ग्लासगोच्या दक्षिणेला राहतो. खाली किचनमध्ये टाइल्सची फरशी आणि तिच्याखाली अंडरफ्लोअर हीटिंग. त्याचा थर्मोस्टॅट वायरलेस – सेलवर चालणारी छोटी पांढरी डबी, शेल्फवर ठेवलेली. आम्ही कामावर गेलो की किचन सोळा डिग्रीवर असायचं. नागपूरहून आलेली माझी आई दिवसभर वर तिच्या खोलीत बसायची, तिथे रेडिएटर होता.

गेल्या फेब्रुवारीतली गोष्ट. बाहेर बर्फ साचलेला. साडेचारला मी घरी आले तर आई किचनमध्ये फरशीवर! चहा करायला खाली आली आणि साडेदहाच्या सुमारास पाय घसरून पडली. खुबा मोडलेला, हलता येत नव्हतं, फोन वरच्या खोलीत राहिलेला. सहा तास ती तशीच पडून होती.

मी गुडघ्यांवर बसले आणि दचकले. फरशी चांगली गरम होती.

अँब्युलन्समधून आलेल्या पॅरामेडिकने खाली हात लावून पाहिला. म्हणाली, "या वयात गार टाइल्सवर सहा तास... फरशी गरम होती म्हणून बरं."

ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी आईचे कपडे न्यायला घरी आले, तेव्हा शेल्फवरच्या डबीकडे लक्ष गेलं. स्क्रीन कोरी. मागचं झाकण उघडलं – आत सेलच नाहीत!

वॉर्डमध्ये आईला विचारलं. ती ओशाळली.

"अगं, काल सकाळी तुम्ही गेल्यावर बीपी मशीनचे सेल संपले. मग त्या डबीतले काढून घातले. सांगायचंच राहिलं."

मी तिथेच फोनवर हीटिंगचं अ‍ॅप उघडून हिस्टरी पाहिली. आठ वीस – थर्मोस्टॅट ऑफलाइन. दहा पन्नास – किचन, सत्तावीस डिग्री, मॅन्युअल. फोनवरून बदललं तर तिथे 'अ‍ॅप' असं येतं. मॅन्युअल म्हणजे कुणीतरी त्या डबीची बटणं दाबली. सेल नसलेल्या डबीची.

माझा फोन तेव्हा हॉस्पिटलच्या लॉकरमध्ये होता, एमआरआयच्या खोलीत नेता येत नाही. माझा नवरा मंदार एडिनबरात होता, त्याच्या फोनवर अ‍ॅपसुद्धा नाही. हीटिंगवाल्याला बोलावलं. त्याने सगळं तपासलं आणि म्हणाला, "सिग्नल गेला तर सिस्टिम दर तासाला थोडा वेळ आपोआप चालू होते, पाइप गोठू नयेत म्हणून. पण त्याने फरशी इतकी तापत नाही. आणि मॅन्युअल नोंद? ती कुठून आली, मला नाही सांगता येणार."

मला राहवेना. एका शनिवारी भर दुपारी मी मुद्दाम किचन सोळावर नेलं, मग सेल काढले आणि आई पडली होती तिथे जाऊन आडवी झाले. मंदार दारात उभा.

"काय चाललंय तुझं?"

"प्रयोग."

"किती वेळ?"

"जमेल तितका."

दोन तास पडून राहिले. फरशी गारच. अ‍ॅपमध्ये फक्त 'ऑफलाइन'. नंतर आणखी तीनदा करून पाहिलं... काही नाही.

आई घरी आल्यावर वॉकर घेऊन हळूहळू चालायला लागली. एका सकाळी तिचे पाय चोळून देत होते, तेव्हा ती म्हणाली, "एक विचारू? राग नको मानू."

"विचार ना."

"गालाखालची फरशी तापायला लागली ना, तेव्हाच मला कळलं, तू फोनवरून केलंस. म्हणून घाबरले नाही, पडून राहिले. पण मी पडले हे तुला कळलं होतं, तर... तू आली का नाहीस गं?"

इतके दिवस ती हे मनात धरून होती! मग तिला सगळं सांगितलं – लॉकर, सेल, हिस्टरी, सगळं.

"आई, ती मी नव्हते."

आईने माझा हात घट्ट धरला. म्हणाली, "बरं झालं बाई, तू नव्हतीस."

कोण होतं, हे मात्र तिने विचारलं नाही. मी अजून विचारतेय – आणि खरंच सांगते, उत्तर मिळालेलं नाही.