विसावं नाव

ही गोष्ट माझ्या बायकोलाही ठाऊक नाही. आणि तिला तर माझं सगळंच ठाऊक असतं — रक्तदाबाची गोळी कुठल्या दिवशी चुकवली ते, डब्यातली पडवळाची भाजी पोलादपूरच्या स्टँडवर कुत्र्यापुढे टाकली ते. हे मात्र नाही. आठ वर्षं मी हे तोंडाशी आणतो आणि गिळतो. तुम्ही मला ओळखत नाही, तेव्हा तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. बसलो लिहायला, तर तसंही काही नाही.

मी गणित शिकवतो. राहतो महाडला, आणि पोलादपूरकडच्या एका लहानशा ज्युनिअर कॉलेजात रोज एसटीने जातो. मुलं मला घाबरतात असं ऐकून आहे. खरं म्हणजे घाबरट मी आहे. गाडीच्या अर्धा तास आधी स्टँडवर हजर असतो, पेपरातल्या मार्कांची बेरीज तीनदा करतो, गॅस बंद केला का ते पाहायला जिन्यावरून परत वर जातो. याला लोक शिस्त म्हणतात. मी कशाला दुरुस्त करू? निवृत्तीला अजून नऊ वर्षं आहेत.

आमच्याकडे सायन्सला आलेल्या मुलाला अकरावीच्या सुरुवातीला एक फॉर्म भरावा लागतो. फिजिक्स, केमिस्ट्री सगळ्यांनाच असतं. मग खाली दोन चौकोन — गणित की जीवशास्त्र? मोठ्या कॉलेजांत दोन्ही घेता येतं. आमच्याकडे वर्गखोल्याच कमी, त्यामुळे या दोन विषयांचे तास एकाच वेळी लागतात; एक घ्यायचा आणि दुसऱ्याच्या जागी भूगोल. सोळा वर्षांच्या पोराने एका चौकोनात खूण करायची आणि तिच्या जोरावर बारावीची परीक्षा द्यायची. पुढचे सगळे दरवाजे त्या खुणेवर. हे फॉर्म घेऊन मुलांना सल्ला देण्याचं काम त्या वर्षी माझ्याकडे होतं — हे लक्षात ठेवा.

त्याच वर्षी संस्थेने कळवलं, गणिताला वीस मुलं नसतील तर विषय बंद. विषय बंद म्हणजे शिक्षक ‘अतिरिक्त’. हा शब्द शिक्षकाच्या घरात कसा ऐकू येतो, ते बाहेरच्याला सांगून कळणार नाही. अतिरिक्त माणसाला जिथे जागा रिकामी असेल तिथे धाडतात, आणि तोवर तो सगळ्या स्टाफरूमला पाहुण्यासारखा वाटू लागतो. माझी आई माझ्याजवळ, तिच्या गुडघ्यांना जिना झेपत नव्हता. मुलगा दहावीला. फॉर्म घ्यायचा शेवटचा आठवडा उजाडला तेव्हा माझ्या यादीत एकोणीस नावं होती. जीवशास्त्राच्या कांबळे मॅडमकडे बाकं पुरत नव्हती. मी ती यादी शर्टाच्या खिशात घेऊन फिरायचो, एसटीत बसलो की काढून मोजायचो. मोजून कधी वाढतात का? पण मोजायचो.

आणि मग प्रणाली आली. आंबेनळी घाटाच्या अंगाला एक वाडी आहे, तिथली. सोबत वडील, हातात टोपी चुरगळत उभे. दहावीत गणितात तिला चांगले मार्क होते, पण तिचं ठरलेलं होतं. ती आठ वर्षांची असताना धाकटी बहीण जन्मली, आणि त्या दिवशी उपकेंद्राची सिस्टर गुडघाभर चिखलातून वाडीवर चढून आली होती. आई आणि बाळ दोघी वाचल्या. तेव्हापासून हिला नर्स व्हायचं होतं, आणि तेही बी.एस्सी. नर्सिंग करून, सरकारी कॉलेजातून. फॉर्मवर तिनं जीवशास्त्राच्या चौकोनात खूण केली होती. पेन्सिलीने. सरांना विचारल्याशिवाय पेनने कशी करायची?

“विचार गो सरांना,” वडील म्हणाले.

“सर, मला नर्सिंगला जायचं हाय. गणित पण जमतं मला. पण नर्सिंगला कुठलं लागतं?”

मला ठाऊक होतं. चुकून सांगितलं, गडबडीत सांगितलं, असं मी स्वतःला पुष्कळदा ऐकवून पाहिलं आहे — नाही. मला नक्की ठाऊक होतं. प्रवेशाची माहितीपुस्तिका माझ्याच टेबलाच्या खणात होती. जीवशास्त्र लागतं. त्याच्याशिवाय त्या पदवीला अर्जसुद्धा घेत नाहीत.

मी म्हणालो, दोन्ही चालतं. वर आणखी म्हणालो, गणित घेतलंस तर वाटा जास्त मोकळ्या राहतील.

“सर सांगतात ना, मग झाला,” वडील तिला म्हणाले. “आमाला काय कळतंय त्यातला.”

तिच्याकडे खोडरबर नव्हतं. मी माझं दिलं.

बस, एवढंच. दोन मिनिटंही लागली नसतील. कुंपणानेच शेत खाल्लं, आणि कुंपणाला पुसायला कोण जातं? ती दोघं गेल्यावर मी यादीत विसावं नाव लिहिलं, आणि घरी जाऊन भरपेट जेवलो. खोटं बोललं की घास उतरत नाही म्हणतात. माझा उतरला.

दुसऱ्या आठवड्यात कांबळे मॅडमनी विचारलं, “ती घाटातली पोरगी माझ्याकडे येणार होती ना?” मी म्हटलं, तिचं तिनं ठरवलं. हे दुसरं खोटं. पहिल्यापेक्षा किती सहज निघालं म्हणून सांगू.

विषय बदलून घ्यायला त्या वर्षी ऑगस्टअखेरपर्यंत मुभा होती. मी तारखेवर नजर ठेवून होतो. कशासाठी? तिला बोलावून सांगण्यासाठी? तसंच म्हणायचो मनाशी — उद्या सांगू, सोमवारी सांगू. आणि ती तारीख गेली तेव्हा मला काय वाटलं असेल? हलकं वाटलं. सुंठेवाचून खोकला गेला. पुढे बारावीचे बोर्डाचे फॉर्म भरले गेले तेव्हाही तसंच. ती मात्र पहिल्या बाकावर बसून इंटिग्रेशनची गणितं सोडवत होती. चांगली सोडवत होती, हेच तर वाईट. मी तिला जादा वेळ दिला, माझी पुस्तकं दिली. तुम्हाला वाटेल प्रायश्चित्त. तसलं काही नव्हतं हो. तिचं भलं होतंय असं मला दिसायला हवं होतं, म्हणून.

बारावीला गणितात तिला ब्याऐंशी पडले. वडील पेढे घेऊन आले, आणि सगळ्या स्टाफरूमसमोर माझ्या पायाला हात लावायला वाकले. ते माझ्याहून वयाने मोठे. मी पाय मागे घेतले, पण पेढा खाल्ला.

आता तुम्ही म्हणाल, नोकरीवर गदा आली की माणूस काय करत नाही? थांबा. एवढंच असतं तर कदाचित मी हे लिहायला बसलोच नसतो. त्या खोट्याला निदान भीतीचा आधार होता. पुढचं ऐका.

महिन्याभराने प्रणाली एकटीच आली. हातात प्लास्टिकची फाईल. अर्ज बाद झाला होता. रडली नाही, चिडली नाही. दाराशी उभी राहून म्हणाली, “जीवशास्त्र नाय म्हणून घेतला नाय, सर. तुम्ही सांगितलं तेव्हा चालत असेल ना?”

बघा — पळवाटसुद्धा तिनंच काढून दिली. आणि मी? मी म्हणालो, हो, यंदाच नियम बदलले.

खासगीत एक तीन वर्षांचा कोर्स होता, त्याला कुठलेही विषय चालत होते. पण त्याची फी त्यांच्या आवाक्यातली नव्हती, ते ती आधीच विचारून आली होती. मग मान खाली घालून तिनं विचारलं, आता काय करू?

आता नीट ऐका, कारण मला सांगायचं होतं ते हे आहे. बोर्डाचा एक वेगळा फॉर्म असतो, ‘तुरळक विषया’चा. बारावी पास झालेल्या मुलाला एखादा राहिलेला विषय पुढच्या परीक्षेत तेवढाच देता येतो. जीवशास्त्र देऊन पुढच्या वर्षी ती पुन्हा अर्ज करू शकली असती. एक वर्ष गेलं असतं, इतकंच. आदल्याच वर्षी बिरवाडीच्या एका मुलाचा असा फॉर्म मी माझ्या हाताने भरला होता. कोरे फॉर्म माझ्या पाठीमागच्या कपाटात होते. कांबळे मॅडम शेजारच्या खोलीत जर्नलं तपासत होत्या. हाक मारली असती तर त्यांनी तिला वर्षभर फुकट शिकवलं असतं, तशाच आहेत त्या.

मी हाक मारली नाही.

का? तोवर माझी नोकरी सुरक्षित होती. गणिताला मुलं भरपूर येत होती, कुणी मला कुठे धाडणार नव्हतं. मग का? कारण तो फॉर्म मॅडमच्या हातात गेला असता, आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला असता — नर्सिंगला जायचं होतं तर तुला गणित घ्यायला सांगितलं कोणी? एवढाच तो प्रश्न. तो माझ्यासमोर विचारला जाऊ नये, म्हणून मी एका मुलीची वाट दुसऱ्यांदा अडवली. पहिल्यांदा नोकरीसाठी, आणि दुसऱ्यांदा फक्त स्टाफरूममध्ये तोंड वर करून बसता यावं म्हणून. मी तिला म्हटलं, महाडला बी.एस्सी.ला नाव घाल, गणितात चांगलं करशील. ती बरं म्हणाली. जाताना थँक्यू सर म्हणाली. मॅडमनी नंतर विचारलं ती का आली होती, तर मी सांगितलं, सहज भेटायला.

बी.एस्सी. तिनं एक वर्ष केलं. जाण्यायेण्यात दिवस जायचा, घरी हातभार लागायला हवा होता. मग बिरवाडीला मैत्रिणींबरोबर खोली घेऊन कंपनीत पॅकिंगला लागली, असं कानावर आलं. त्यापुढचं मी कान देऊन ऐकलंच नाही.

गेल्या दिवाळीनंतर माझी आई मोरीत पडली, खुब्याचं हाड मोडलं. महाडच्याच एका दवाखान्यात ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डात झाडू-फडकं, पेशंटचं शौचाचं भांडं, चादरी करणारी मावशी आली — निळा ॲप्रन, केसांना जाळी. ती प्रणाली होती. चोवीस वर्षांची मावशी.

मला पाहून तिचा चेहरा खुलला. खरंच खुलला. विशीतली एक सिस्टर सलाइन लावत होती, तिला म्हणाली, “हे माझे सर. गणितात मला ब्याऐंशी पडले ते यांच्यामुळं.” ती सिस्टर हसली आणि म्हणाली, “मावशी, ते भांडं उचला आधी.” तिनं उचललं.

दहा दिवस तिनं माझ्या आईचं सगळं केलं. जे मी मुलगा असून केलं नाही, ते. सलाइन संपत आलं की सगळ्यांत आधी तिच्या लक्षात यायचं, पण हात लावायची नाही. सिस्टरला बोलवायला जायची. मावश्यांनी सलाइनला हात लावायचा नसतो. ती दाराकडे धावायची आणि मी बाटलीकडे बघत बसायचो.

चौथ्या दिवशी दुपारी चादर बदलता बदलता म्हणाली, “सर, धाकटी दहावीला हाय. तुमच्याकडंच घालणार हाय तिला. तिला पण सिस्टर व्हायचं हाय. काय घ्यायला सांगू?”

जीवशास्त्र, मी म्हणालो. नर्सिंगला जीवशास्त्रच लागतं.

“ठाऊक हाय मला,” ती म्हणाली. “तेव्हापण तेच लागत होतं.”

आवाज रोजचाच होता. ठाऊक होतं, मग मला विचारलं कशाला? तिनं आईच्या पाठीखाली हात घातला, हळूच तिला कुशीवर वळवलं, आणि “दुखतं का आजी?” म्हणून विचारलं. आई नाही म्हणाली. प्रणालीनं चादरीची सुरकुती काढली, टोक गादीखाली खोचलं आणि माझ्याकडे पाहिलं. वाट पाहत होती ती. किती वेळ, सांगता येणार नाही. पण बोलायला पुरला असता.

मी पाण्याची बाटली उचलली आणि भरून आणतो म्हणून बाहेर गेलो. बाटली अर्धी भरलेली होती.

त्यानंतरचे सहा दिवसही ती रोज आली. आईचं तसंच सगळं केलं. मला पुन्हा काही विचारलं नाही.