पप्पांची मुलाखत

पदव्युत्तर प्रवेशासाठी विद्यापीठ आईवडिलांचीही मुलाखत घेतं, हे वाचून मी आधी हसले आणि मग हादरले. मी मतदान करून मोकळी झालेली बाई, आणि वस्त्रकलेच्या एम.डिझाइनला बसायचं तर म्हणे पप्पांना घेऊन या! वर्गातल्या मैत्रिणीने समजूत घातली, "अरे यार, प्रायव्हेट है. घरवालों से मिलेंगे, चाय पिलाएँगे, बस." तिचे वडील सिविल लाइंसमधल्या बंगल्यात राहणारे मोठे अधिकारी. त्यांना चहा पाजण्यात विद्यापीठाचाही फायदाच होता. माझे पप्पा फौजेतले सुभेदार, बहुतेक नोकरी घरापासून दूर सीमेवर काढलेले, आणि तेही निवृत्तीला टेकलेले.

निवृत्त झालं की साताऱ्याकडे गावी जायचं, ही आमच्या घरात काळ्या दगडावरची रेघ. मला एकटीला जयपुरात राहायची परवानगी एकाच अटीवर मिळाली होती, या विद्यापीठात प्रवेश मिळाला तर. नाही मिळाला तर लोखंडी ट्रंकांबरोबर मीही गाडीत. गावी काकू माझ्यासाठी स्थळं बघायला पदर खोचून तयारच बसली होती.

इथे आमच्या घरची एक रीत सांगायला हवी. आपल्या माणसाचं कौतुक आपण चारचौघांत करायचं नाही. एक तर दृष्ट लागते, आणि शिवाय ते बरं दिसत नाही. मला पैकीच्या पैकी गुण मिळाले तेव्हाही मम्मीने क्वार्टरमधल्या शेजारणीला सांगितलं होतं, "बस, पास हो गई किसी तरह." शेजारीण मेरठची. तिला बिचारीला ते खरंच वाटलं आणि ती माझ्या डोक्यावरून हात फिरवून गेली. मला या रीतीचा राग यायचा, पण तिचा अर्थ मला कळतो असंही वाटायचं.

मुलाखतीच्या दिवशी पप्पा कडक इस्त्रीचा सफारी घालून आले, आणि मी माझ्या कामाचं गाठोडं काखेत मारून. काचेच्या त्या इमारतीत बाहेर बसलेले आईबाप एकमेकांना ऐकवत होते. एका सराफाची बायको म्हणत होती, "हमारी बेटी तो पैदाइशी आर्टिस्ट है जी." ती मुलगी मान खाली घालून मोबाइल बघत होती. पप्पा माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "लई बोलत्यात न्हाई का गं ही लोकं?" मला हसू आलं. तेवढं एकच हसू त्या दिवशी वाट्याला आलं.

आत तिघे जण होते. मधल्या मॅडमनी फार गोड आवाजात विचारलं, "सूबेदार साहब, अपनी बेटी के बारे में कुछ बताइए."

पप्पा खुर्चीतून उठून चक्क सावधानमध्ये उभे राहिले. "बस जी, ठीक-ठाक है. कोई ख़ास बात नहीं."

मॅडमना वाटलं, ऐकण्यात काही चूक झाली असेल. "कोई तो हुनर होगा?"

"नहीं जी. घर का काम भी ज़्यादा नहीं आता."

कडेला बसलेल्या सरांनी पेनाचं टोपण लावून टाकलं. मला ट्रंका दिसल्या, काकू दिसली, आणि जी जीभ घरात कधी उचलली गेली नव्हती ती उचलली गेली. मांडीवरचं गाठोडं सोडून मी त्यातलं कापड टेबलभर पसरलं. मॅडम उठून टेबलाच्या अलीकडे येऊन उभ्या राहिल्या. जयपूरजवळच्या बगरू या छपाईच्या गावी जाऊन जाऊन मी स्वतः लाकडी ठशांनी छापलेलं ते कापड होतं. आधी हिरड्यात भिजवलेलं, गूळ आणि गंजकं लोखंड आंबवून केलेल्या काळ्या रंगाने रेघा उठवलेलं, निळीत बुडवण्याआधी चिखलाच्या लेपाने झाकलेलं. कोपऱ्यात किनारीचा ठसा वळवताना नक्षी तुटू द्यायची नसते, ते साधायला मला कितीतरी कापडं वाया घालवावी लागली, हेही सांगितलं. आणि शेवटी म्हणाले, "यह मैंने बनाया है, और अच्छा बनाया है."

आमच्या खानदानात हे वाक्य त्याआधी कुणी उच्चारलं नसावं. माझंच मला कानकोंडं झालं.

मॅडमनी कापडाचा कोपरा उचलून उजेडात धरला, बरेच प्रश्न विचारले, बाकीच्या दोघांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "सीट आपकी है."

फाटकाबाहेर येईपर्यंत मी दम धरला. मग तिथेच फुटले. "पप्पा, मतलब, हे काय होतं? माझी सीट गेली असती! लोक आपल्या पोरींना डोक्यावर घेऊन नाचतात, आणि तुम्ही तिथेसुद्धा तुमचा नम्रपणा घेऊन बसलात!"

"कसला नम्रपणा?" पप्पा खरोखर गोंधळले होते. "त्यांनी इचारलं, मला जेवढं ठावं तेवढं सांगितलं. तुझी मम्मी फोनवर म्हणायची, ठीकठाक चाललंय पोरीचं, इशेष काय न्हाई. मी तिकडं बॉर्डरवर. मी तेच धरून चाललो."

मी रस्त्यातच थांबले. मम्मी त्यांच्याशीही तशीच बोलत होती! दृष्ट लागण्याच्या भीतीतून नवऱ्यालाही वगळलं नव्हतं तिने. आणि मी जन्मभर समजत आले होते की पप्पांना सगळं माहीत आहे, ते फक्त बोलून दाखवत नाहीत. तोंडावर झालं नाही ते कौतुक त्यांच्या पोटात कुठेतरी जपून ठेवलेलं असणार, याच भरवशावर मी इतकी वर्षं निभावली होती. तिथे काहीच ठेवलेलं नव्हतं. मला इतकं वाईट वाटलं की रडूही येईना. सोडाला भागाकडे जाणारा रिक्षावाला आमच्या तोंडाकडे बघत ताटकळला होता.

पप्पांनी त्याला हाताने थांबायची खूण केली आणि माझ्या काखेतल्या गाठोड्याकडे बोट दाखवलं.

"ते उलगड की जरा," ते म्हणाले. "मघाशी मॅडम मधी उभ्या हुत्या. मला नीट दिसलंच न्हाई."