बहगतकाकांचा सरळ पाय

आमच्या शहरातल्या बहरी भागात कपड्यांना इस्त्री करणारे बहगतकाका मी नर्स आहे त्या वॉर्डात आले, तेव्हा त्यांना दवाखान्याच्या गाऊनचीच लाज वाटत होती. "मिस राविया, हा असा चुरगळलेला घालून डॉक्टरांपुढे जाऊ?" मी म्हटलं, "काका, डॉक्टरांना तुमच्या डोक्यातली शीर बघायचीय, गाऊन नाही."

त्या शिरेला फुगा आला होता. डोकं न उघडता, जांघेतल्या रक्तवाहिनीतून बारीक नळी थेट मेंदूपर्यंत नेऊन डॉक्टरांनी त्या फुग्यात तारेची वेटोळी भरली. मोठं संकट टळलं. आता संध्याकाळपर्यंत उजवा पाय वाकवायचा नव्हता, एवढंच. वाकला तर जांघेतली जखम उघडणार, आणि रक्त पातळ करणारी औषधं चालू, म्हणजे ते लवकर थांबणारही नाही. हे मी इतकं बजावलं की शेजारच्या खाटेवरच्या पेशंटनेही आपला पाय सरळ केला.

दुपारी दमनहूरहून त्यांची थोरली बहीण आली, फिकरियाआबला; आबला म्हणजे आमच्याकडे ताई. आई गेल्यावर हिनेच त्यांना वाढवलं. गुडघे पार गेलेले, हातात कबुतराच्या रश्श्याचा डबा. आमच्यात थोरलं माणूस आलं की उठायचं आणि ते बसल्याशिवाय आपण टेकायचं नाही. ते अंगातच मुरलेलं असतं. आबला दारात दिसली मात्र, हा बाबा ताडकन उठून बसला.

चादर लाल झाली. मी धावले, त्यांना आडवं केलं आणि दोन्ही हातांनी जांघ दाबून धरली. खरं सांगते, मी घाबरले होते, म्हणून तोंड सुटलं. "मरायचंय का तुम्हाला? अक्कल दुकानात ठेवून आलात का?"

चेहरा पांढराफटक पडलेला, तरी काका पुटपुटत होते, "आबला उभी आहे हो. मी कसा लोळू?"

हात भरून आले तेव्हा कुठे रक्त थांबलं. मी आबलासाठी खुर्ची आणली. तिने ती बाजूला सारली आणि खाटेच्या पायथ्याशी दांडी धरून उभी राहिली. "बसले तर ह्याला दिसणार नाही, मग मान उचलून शोधेल. ओळखून आहे मी ह्याला."

"बस ना गं आबला," काका रडकुंडीला आले. "लाज वाटते मला."

"तुला गोवर आला होता. आई नुकतीच गेली होती. अशीच उभी होते तुझ्यापाशी. तेव्हा उठला होतास का?"

"तेव्हा मला काय कळत होतं?"

"मग आजही काही कळू देऊ नकोस. झोप."

काकांच्या डोळ्यांतलं पाणी कानांकडे ओघळलं. पाय त्यांनी हलवला नाही. थोड्या वेळाने चक्क घोरायला लागले.

आबला कितीतरी वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "मोठा झाल्यापासून ह्याला झोपलेला कधी बघितलाच नव्हता गं, पोरी. किती म्हातारा झालाय."