सतरा नंबरचा काटा

कामगार त्याला पाठीमागे शून्यसाहेब म्हणत. जमिनीखाली खोल खडकात गॅस साठवलेला, त्यावर बेचाळीस विहिरी, आणि सरकारी सुरक्षा खात्याचा हा तपासनीस अकरा वर्षं त्या विहिरींचे काटे वाचून प्रत्येक रकान्यात शून्य लिहीत होता. शून्य म्हणजे चांगलं. विहिरीत पाइपात पाइप असतो आणि गॅस आतल्या पाइपातून खेळतो. बाहेरच्या पाइपाचा काटा चढला, तर आतला कुठेतरी गळतोय असं धरायचं. आपल्या विहिरींचा काटा कधी हलत नाही, याचा त्याला अभिमानच होता.

वर्षभर मात्र ताईने एकच पालुपद लावलं होतं. तिचं घर सतरा नंबरच्या विहिरीखालच्या उतारावर, चाळीस घरांच्या वस्तीत. मोरीतून उग्र वास येतो, असं ती दर फोनला सांगे. अगं, काटा शून्यावर आहे, असं तो दर फोनला म्हणे. तरी मनात किडा वळवळायचाच. न सांगता तपासणी करू द्या, अशी त्याने खात्याला तीन पत्रं धाडली. सरकारी काम आणि सहा महिने थांब म्हणतात. इथे वर्ष गेलं आणि तिन्हींना उत्तर एकच आलं, की नियमाप्रमाणे सात दिवस आधी नोटीस द्यावी.

नोटीस देऊन झालेल्या यंदाच्या तपासणीनंतर तो ताईकडे जेवायला बसला. भाऊजी सतरा नंबरवरच ऑपरेटर. ताईने वासाचा विषय काढला तसे ते हसले.

"शून्य असणारच. तुमची नोटीस आली की त्या दिवशी सकाळीच मी व्हॉल्व्ह उघडून बाहेरच्या पाइपातलं प्रेशर सोडून देतो. पाहुणा यायचा म्हटलं की आपण केर काढतोच ना? सगळेच काढतात. तुम्हाला कशाला ताप?"

भाऊजींवर चिडावं, तर त्या माणसाने मेव्हण्याची अब्रू राखल्याच्या समाधानात आणखी भात वाढून घेतला होता. त्याला संताप आला तो स्वतःचा. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, आणि दळणारे आपणच. व्हॉल्व्ह एक दिवस बंद ठेवून मग काटा वाचावा, एवढं अकरा वर्षांत सुचलं नव्हतं.

जेवण टाकून तो भाऊजींना घेऊन विहिरीवर गेला आणि व्हॉल्व्ह घट्ट बंद करवला. दुसऱ्या दिवशी दुपारी काटा अडतीसवर होता. विहीर बंद करायचा अधिकार फक्त वरिष्ठांचा, म्हणून त्याने तिथूनच त्यांना फोन लावला. नोटीस कालच्या तपासणीची होती, कालचं शून्य नोंदलं गेलंय, आजचं वाचन धरता येत नाही, असं त्यांनी शांतपणे समजावलं. नवी नोटीस काढा, सात दिवसांनी बघू.

तो तडक उतार उतरला आणि ताईला म्हणाला, बॅग भर, माझ्याकडे चल.

"मी येईन रे," ताई म्हणाली. "पण शेजारची परवाच बाळंत होऊन घरी आलीये. तिला काय सांगू? शून्य आहे म्हणून?"

खात्याच्या परवानगीवाचून लोकांना काही सांगितलं तर नोकरी जाते, हा नियम त्याला तोंडपाठ होता. त्याने शेजारची कडी वाजवली. तान्ह्या बाळाला खांद्यावर घेऊन एका बाईने दार उघडलं.

"मी गॅसचा तपासनीस," तो म्हणाला. "अकरा वर्षं मी चुकीचं लिहिलंय. बाळाला घेऊन बाहेर या."