लाइट लावा, मग जातो

नाचणगावात घड्याळं पुष्कळ आहेत, पण वेळ एकट्या धनंजय कुबडेकडे आहे. लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त होऊन तो गावी आला, त्याला सात वर्षं झाली. गावाने त्याचं नाव बाजूला ठेवून 'फौजी' करून टाकलं. फौजी अजून चादरीची घडी विटेसारखी घालतो. चपलांनाही पॉलिश करतो. लग्नाच्या पंगतीत पत्रावळी तो अशा ओळीत मांडतो, की जेवणारेसुद्धा आपोआप पाठ ताठ करून बसतात.

आणि तो झोपत नाही. दुपारी बाजेवर डोळा लागला तर लागला, रात्र सगळी जागी. आधी गावाला वाईट वाटलं. मग गावाला ते सोयीचं वाटलं. पुलगावहून पहाटेची गाडी धरून वर्ध्या-नागपूरला जाणारी आमची अकरा घरं. एकाने म्हटलं, फौजी, तू जागाच राह्यतं, जरा दार वाजवजो. दुसऱ्याने म्हटलं, माहंही. तेव्हापासून चारच्या ठोक्याला दारावर काठीचे तीन ठोके. आतून नुसतं 'उठलो' म्हटलेलं चालत नाही. "लाइट लावा, मग जातो," म्हणून तो उभाच. खिडकीत उजेड दिसला की पुढचं घर. मोबाईल प्रत्येकाच्या उशाला आहे. पण मोबाईलचा गजर बोटाने गप्प होतो, फौजी होत नाही.

त्याच्या बायकोला, जयाला, या सोयीचं कौतुक नव्हतं. बूट बांधून, दाराकडे तोंड करून बाजेच्या काठावर रात्रभर बसलेला नवरा तिलाच दिसायचा. गेल्या वर्षी ती त्याला वर्ध्याला मनाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. नोकरी संपली, आता झोपायला काय हरकत आहे, असं डॉक्टरांनी विचारलं. तो म्हणाला, "उठवायले कोनी येत नाई, साहेब."

लग्नाला वीस वर्षं झाली होती, पण ही गोष्ट जयाने त्या खोलीत पहिल्यांदा ऐकली. बर्फातली चौकी, दोघंच जण. आळीपाळीने दोन-दोन तास झोपायचं. धनंजय झोपला. चारला त्याला उठवून मग जोडीदार झोपणार होता. चारला कोणी उठवलं नाही. सहाला उजेडाने जाग आली, तर जोडीदार जागेवरच बसलेला होता. मांडीवर बंदूक, डोळे उघडे, अंग गार.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, दर पंधरा दिवसांनी यायला सांगितलं. तिसऱ्या दिवशी गोळी लागू पडली. फौजी झोपला, तो सकाळचे आठ वाजले तरी झोपलेलाच. जयाने कुकर लावला नाही, अंगणातली कोंबडी हाकलली, आणि नवऱ्याचं घोरणं ऐकत बसली. असं सुख तिला फार दिवसांनी मिळालं होतं.

नेमकी त्याच दिवशी अकरा घरांतल्याच सदाशिवरावांच्या लेकीची, सपनाची, पोलीस भरती होती. सहाला वर्ध्याच्या मैदानावर हजेरी. दोन वर्षं पोरगी रोज धावत होती. गाडी गेली. अकरा घरांपैकी एकही उठलं नाही. गजर लावायची आमची सवयच गेली होती.

सदाशिवराव माणूस वाईट नाही. पण ते ओसरीवर आले तेव्हा जयाने ओठांवर ठेवलेलं बोट त्यांना दिसलं नाही.

"काऊन रे फौजी, आजच झोपाचं होतं काय?"

मागे सपना, रडून डोळे सुजलेली. "बाबा, काकाची काय चूक हाय? चाला ना घरी."

धनंजय उठून बसला. आधी घड्याळाकडे पाहिलं, मग सपनाच्या तोंडाकडे.

त्यानंतर त्याने गोळी घेतली नाही. डॉक्टरकडेही गेला नाही. जयाने विनवण्या केल्या, भांडली, अबोला धरला. तो एवढंच म्हणाला, "मी झोपलो का कोनीतरी जाते."

मग जया आमच्या अकराही घरी आली. रडली नाही, हात जोडले नाहीत. आपापले गजर लावा आणि चारच्या आत दिवे लावा, एवढंच म्हणाली. काम उरलं नाही तर तो झोपेल, असा तिचा हिशोब. आम्ही खाली मान घालून हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी पावणेचारला अकराही खिडक्यांत उजेड. चारला फौजी निघाला. पहिल्या घरी दिवा. दुसऱ्या घरी दिवा. गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन परत आला. काठी कशावर वाजवावी ते त्याला कळेना. मग चौकात उभा राहिला, सावधानमध्ये, पार उजाडेपर्यंत. सपनाने चहा नेला, त्याने कपाकडे पाहिलं नाही. तीन दिवस हेच. तिसऱ्या दिवशी तो जेवलाही नाही.

चौथ्या दिवशी आम्ही दिवे लावले नाहीत. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं.

आता आम्ही पावणेचारला आपल्याच गजराने उठतो, तयार होतो, आणि दाराकडे तोंड करून अंधारात बसून राहतो. तीन ठोके पडतात. 'उठलो' म्हणून आम्ही दिवा लावतो. तो पुढे जातो. सपनाची खिडकी शेवटची. तिथे तो दुसऱ्यांदा वाजवतो.

गाडी कोणाचीच चुकत नाही. जयाच्या फडताळात गोळ्यांचं पाकीट तसंच आहे. त्यावरची तारीख मागल्या महिन्यात उलटली.