मागाच्या आवाजात

कंग्राळीच्या मंजुश्रीबाई वडगावच्या हायस्कुलात मराठी शिकवत. कुठल्या पोराचं मन कुणापाशी मोकळं होईल हे हेरायचं काम शाळेनं त्यांच्याच गळ्यात मारलं होतं. कुणाला काउन्सेलर, कुणाला खेळाचे सर, कुणाला नुसता डबा खायला सोबती. बाईंना ते झकास जमायचं. स्वतःच्या घरी मात्र सोबतीच्या नावानं शून्य. नवरा वारलेला, मुलगा साईराज बेंगळुरात. फोनवर त्या रोज 'बरी हाय' म्हणायच्या आणि तोही ते खरं मानायचा.

आठवीतल्या सौम्याच्या बाबतीत मात्र त्यांचा अंदाज साफ चुकला. आई गेल्यापासून पोरीनं बोलणंच टाकलं होतं. बाईंनी तिला काउन्सेलर रचना मॅडमकडे धाडलं. मॅडम मायाळू, खोली शांत, दार लावलेलं. पोर नखं बघत बसायची आणि तशीच परत यायची. शेवटी तिचे वडील परसू शाळेत येऊन सांगून गेले, की बोलतच नसेल तर तिला घरीच ठेवून घेतो.

बाई तडक त्यांच्या घरी गेल्या. पुढच्या सोप्यात साड्या विणायचा माग होता, पण बंद. बायको गेल्यावर परसू दुसऱ्याच्या मागावर विणायला जात होता. सौम्या भिंतीला कान लावून बसली होती. पलीकडे शेजारच्या जयाबाईंचा माग खडखडत होता.

"मायलेकी मागापाशीच बोलायच्या," परसू म्हणाला. "त्या आवाजात मलाबी काय ऐकू यायचं न्हाय."

बाईंना स्वतःचाच राग आला. पोरीला ज्या शांततेनं खाल्लं होतं, तीच त्या तिला औषध म्हणून पाजत होत्या.

पुढच्या आठवड्यात त्यांनी रचना मॅडमना जयाबाईंच्या मागापाशी आणून बसवलं, सौम्यालाही तिथं बोलावून घेतलं. मॅडम कचरल्या, असल्या गोंगाटात कुणाचं काय ऐकायचं म्हणाल्या, पण बसल्या. जयाबाईंनी माग थांबवला नाही. बऱ्याच वेळानं सौम्या सरकत सरकत जवळ आली आणि तिनं मॅडमच्या कानाला तोंड लावलं.

बाई दारात उभ्या होत्या. पोरीचे ओठ हलताना दिसत होते, डोळे वाहताना दिसत होते, शब्द एकही ऐकू येत नव्हता. त्यांना लई बरं वाटलं. आणि आपल्या कानाशी कुणी येऊन कैक वर्षं झाली, हेही तिथंच आठवलं.

संध्याकाळी घरी येऊन त्यांनी दार लावलं. मिक्सरवर रिकामं भांडं बसवलं आणि बटण फिरवलं.

"करमत न्हाय रं, साईराज," फोन न लावताच त्या म्हणाल्या.

मग मिक्सर तापून वास यायला लागेपर्यंत त्या बोलतच राहिल्या.